स्वस्त एकर कुणाच्या खर्चाने?

मुंबईहून दोन तासांवर आणि पुण्याहून तासाभरावर, मावळात, मध्यमवर्गाला परवडेल अशी जमीन अजून शिल्लक आहे. आड येतात ते फक्त पाऊणशे वर्षांपूर्वीचे कायदे, असे हल्ली वारंवार ऐकू येते. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ न देणारा कूळ कायदा आणि गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदी कायदा एकदाचे मोडीत काढले, की शहरातल्या माणसाला हक्काची हिरवी जागा मिळेल, शेतकऱ्याच्या पदरात चांगला भाव पडेल आणि पडीक माळ झाडांनी भरून जातील, असा हा युक्तिवाद आहे. तो आता केवळ जमिनीच्या दलालांचा राहिलेला नाही. पर्यावरणाची चाड असलेले, शेतकऱ्याविषयी मनापासून आस्था बाळगणारे लोकही तो मांडतात, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे की मावळात स्वस्त जमीन शिल्लकच नाही. जी स्वस्त दिसते, तिच्या किमतीतून काहीतरी आधीच वजा झालेले असते. कधी बांधकामाचा हक्क, कधी रस्ता, कधी पाणी, कधी निर्वेध मालकी, तर कधी दुसऱ्याच कुणाचा वाटा. ही वजा झालेली रक्कम पुढे कुणाला तरी भरावी लागतेच. काही वेळा ती घेणारा भरतो, पुष्कळ वेळा गाव भरते. कायदे काढून टाकले तर ही वजाबाकी थांबणार नाही. ती कागदावर दिसायची तेवढी बंद होईल.

आधी भावाचा हिशेब मांडू. मावळ हा भाताचा मुलूख. घरोघरी माहीत असलेला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिला. एकरी पंधरा-सोळा क्विंटल भात चांगला समजू. २०२४-२५ साली केंद्राने साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये ठरवला होता. इंद्रायणीला बाजारात जास्त मिळते, पेंढ्याचेही चार पैसे येतात, म्हणून उदार होऊन ढोबळ उत्पन्न एकरी ६० हजार धरले, तरी नांगरट, चिखलणी, लावणीची मजुरी, खत, कापणी आणि झोडणी यांत निम्मे सहज जाते. उरले ३० हजार. बँकेतल्या ठेवीवर सहा टक्के व्याज मिळते असे मानले, तर वर्षाला ३० हजार देणाऱ्या एकराची शेती म्हणून किंमत ५ लाख भरते, म्हणजे गुंठ्याला साडेबारा हजार. आता कामशेतच्या किंवा पवनानगरच्या बाजूला रस्त्यालगतची जमीन या भावाने कोण देईल? तिथे गुंठा लाखांत बोलला जातो. तो अगदी दोन लाख धरला, तरी एकराचे ८० लाख होतात. पाच आणि ऐंशी यांच्यामधले ७५ लाख भाताचे नाहीत. ते अपेक्षेचे आहेत. उद्या ही जमीन बिगरशेती होईल, परवा शेजारी रस्ता येईल, धरणाचे पाणी दिसते म्हणून बंगला भाड्याने जाईल, ही अपेक्षा त्या भावात आजच घालून विकली जाते.

हे एकदा ध्यानात घेतले, की कायदा उठवला तर जमीन परवडेल हे गणित उलटे आहे हे कळते. कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे आज घेणाऱ्यांची संख्या मर्यादित आहे आणि अपेक्षेत जोखीम मिसळलेली आहे. या जोखमीमुळेच शेतजमिनीचा भाव बिगरशेती भावाच्या खाली राहतो. बंधन उठले की जोखीम संपेल, मुंबई-पुण्यातला सगळा पैसा त्याच मर्यादित एकरांवर येईल आणि भाव बिगरशेती भावाला जाऊन भिडेल. ज्या शिक्षक दांपत्याच्या किंवा बँकेतल्या कर्मचाऱ्याच्या नावाने ही मागणी केली जाते, त्याच्या हाताबाहेर ती जमीन पहिल्याच वर्षी जाईल. कर्नाटकाने २०२० मध्ये बिगरशेतकऱ्यांवरचे निर्बंध उठवले, तिथे आकाश कोसळले का, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न आकाश कोसळण्याचा नाहीच. निर्बंध उठल्यामुळे बंगळुरूच्या शेजारची जमीन सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आली का, हे दाखवून द्यायचे आहे, आणि ते दाखवण्याची जबाबदारी ही मागणी करणाऱ्यांची आहे.

घेणाऱ्याच्या हाती नेमके काय पडते, तेही बारकाईने पाहण्यासारखे आहे. जाहिरातीत ‘अकरा गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट’ असतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागात शेतघर बांधायचे तर किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर जमीन लागते. तेवढ्या जमिनीवरही सुमारे दीडशे चौरस मीटरच बांधकाम करता येते. अकरा गुंठे म्हणजे अकराशे चौरस मीटरच्या आसपास. नियमाला लागणाऱ्या जागेच्या चौथ्या हिश्शाहून किंचित जास्त. त्या जमिनीवर कायद्याने शेतघर उभे राहू शकत नाही, मग प्लॉटच्या नावात फार्महाऊस आले कुठून? त्यात जमीन उताराची असेल, एकास पाचपेक्षा तीव्र, तर तिथे बांधकामाला मनाईच आहे. आणि मावळात सपाट जमीन आहे ती मुख्यतः भातखाचरांची. दृश्यासाठी जी जमीन विकली जाते ती बहुतेक डोंगरउतारावरचीच असते. घेणाऱ्याला सांगितले जाते की सगळेच बांधतात, ग्रामपंचायत घरपट्टी लावते, वीज मिळते, आता कोण पाडायला येतो! पण घरपट्टीची पावती ही बांधकाम परवानगी नसते आणि विजेचे मीटर म्हणजे मालकीचा पुरावा नसतो.

मालकीचे काय होते, ते सातबारा समोर ठेवला की दिसते. मावळातल्या एखाद्या गटाचा उतारा काढा. भोगवटादारांच्या सदरात पंधरा-वीस नावे एकाखाली एक येतात. काही कंसात, म्हणजे फेरफाराने कमी झालेली. काही मृत आजोबांची, ज्यांच्या वारसांची नोंद अजून व्हायची आहे. क्षेत्र सामाईक, त्यामुळे कुणाचा हिस्सा पूर्वेला आणि कुणाचा ओढ्याकडे, हे कागद सांगत नाही. पोटखराब किती, ते वेगळे. मग ‘इतर हक्क’ वाचायचे. तिथे विकास सोसायटीचा बोजा असेल, जुन्या कुळाचे नाव असेल, कूळ कायद्याच्या कलम ४३ च्या बंधनाचा शेरा असेल, किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असल्याने हस्तांतरणास बंदी असे लिहिलेले असेल. माहेरच्या जमिनीवर मुलींचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच मान्य केला आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. तरी हक्कसोडपत्रावर सही न केलेल्या बहिणी अनेक उताऱ्यांत असतात. त्यांना न विचारता झालेला व्यवहार स्वस्त होतो, कारण त्यांच्या हिश्शाचे पैसे दिलेलेच नसतात. दहा वर्षांनी त्यांची मुले दिवाणी न्यायालयात जातात, तेव्हा त्यांनी गावात भांडण लावले असे म्हटले जाते. खरे तर ते आपल्या आईच्या न दिलेल्या वाट्याची मागणी करत असतात.

कायद्याला वळसा घालायच्या वाटाही ठरून गेल्या आहेत. शेतकरी दाखला नसेल तर दाखला असलेल्या कुणाच्या तरी नावावर जमीन घ्यायची. खरेदीखत होत नसेल तर विसार पावती, नोटरीपुढचे साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करायचे. तुकडा पडत नसेल तर दहा अनोळखी माणसांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक लावायची आणि कुंपणे मात्र दहा घालायची. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की कुलमुखत्यारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. कलम ६३ मोडून झालेला व्यवहार कलम ८४-क खाली अवैध ठरवून जमीन सरकारजमा करता येते. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवर भूखंड पाडून विकायचे तर ‘महारेरा’कडे नोंदणी लागते; पण शेतजमिनीच्या नावाखाली, सामाईक सातबाऱ्यावर विकलेल्या या ‘प्लॉटां’च्या मागे बहुतेक वेळा तशी नोंदणी नसते, म्हणून फसलेल्याने दाद कुठे मागायची हाही प्रश्नच राहतो. ‘स्वस्त’ हा शब्द उच्चारताना या सगळ्याची किंमत कुठे धरलेली असते?

यावर तत्पर उत्तर मिळते: सरकारच आता नियम सैल करते आहे ना! तुकडेबंदीचे उल्लंघन करून झालेले व्यवहार नियमित करायला २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम ठरवली गेली. पुढे ती ५ टक्क्यांवर आली. २०२५ मध्ये नागरी क्षेत्रांसाठी आणि महानगर प्राधिकरणांच्या हद्दीत ती रक्कमही माफ करण्याचा निर्णय झाला. त्याआधी २०२३ मध्ये बहुतांश जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठ्यांवर आणले होते. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून दोन गुंठ्यांत घर बांधले आणि वर्षानुवर्षे खरेदीखताविना राहिले, त्यांना दिलासा मिळायला हवा होता, याबद्दल माझा वाद नाही. पण या सवलतीने तुकडा नियमित होतो. त्याला जायचा रस्ता, पिण्याचे पाणी, सांडपाण्याची सोय, शेती विभागातून सुटका यांपैकी काहीच तिच्याबरोबर येत नाही. शिवाय २५ वरून ५ आणि ५ वरून शून्य, हा उतरता क्रम पाहून नियम पाळणारा काय शिकेल? ज्याने बिगरशेतीची परवानगी काढली, मंजूर रेखांकन घेतले, शुल्क भरले, तो तोट्यात राहिला. पुढच्या व्यवहारात तो थांबणार नाही.

या वादातला सर्वांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, आणि त्याला वरवरचे उत्तर देणे अप्रामाणिक ठरेल. जमीन शेतकऱ्याची आहे, त्याने ती कुणाला विकावी हे सरकारने का ठरवावे? कारखानदार आपली मालमत्ता हव्या त्याला विकतो. शेतकऱ्याचे गिऱ्हाईक मात्र शेतकरीच असले पाहिजे, म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत तोच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतकऱ्याला बाजाराचे स्वातंत्र्य मागितले, त्यामागे हाच विचार होता, आणि त्यातले दुखणे खरे आहे. कलम ६३ मुळे विक्रेत्याला कमी भाव मिळतो, हे मी वरच्या हिशेबात स्वतःच मान्य केले आहे. तरीही हे कलम आज उठवले तर वाढलेला भाव शेतकऱ्याच्या हाती पडेल, असे मला वाटत नाही. मावळात जमीन शेतकऱ्याकडून सरळ अंतिम गिऱ्हाइकाकडे क्वचितच जाते. गरजेच्या वेळी, मुलीच्या लग्नात, दवाखान्यात, कर्जाच्या थकबाकीत विसार घेतला जातो. विसार देणारा तोच कागद पुढच्याला विकतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. सातबाऱ्यावर नाव अजून शेतकऱ्याचे असते, पण भाव ठरवायची ताकद केव्हाच त्याच्या हातातून गेलेली असते. उद्या कायदा उठला, तर वाढीव भावाचा धनी हा कागद बाळगणारा होईल. शेतकऱ्याला खरेच स्वतंत्र करायचे असेल, तर आधी त्याची मोजणी वेळेत करून द्या, वारसनोंदी पूर्ण करा, पोटहिस्से पाडून प्रत्येकाला स्वतंत्र उतारा द्या, कलम ४३ च्या जमिनी २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे बंधनमुक्त करायला तहसीलमध्ये खेटे घालावे लागू नयेत असे बघा. निर्वेध कागद हातात असलेला शेतकरी घाईने विकत नाही आणि विकलीच तर पडत्या भावाने विकत नाही. हे स्वातंत्र्य आधी आणि खरेदीदाराचे स्वातंत्र्य नंतर, असा क्रम हवा.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. श्रीमंतांसाठी कायदे वाकतात, डोंगरच्या डोंगर त्यांच्या ताब्यात जातात. मध्यमवर्गाने दहा गुंठे घेतले की लगेच नियम आठवतात. हा राग रास्त आहे. मावळला लागून असलेल्या मुळशीत राज्याच्या थंड हवेच्या ठिकाणांच्या धोरणाखाली लवासा उभे राहिले, तिथल्या बांधकामाला २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरांसाठी पैसे भरलेले लोक वाट पाहत राहिले. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘मग आम्हालाही वाकवू द्या’ असा कसा होतो? बड्यांना मिळालेली सूट चुकीची असेल, तर ती सर्वांना वाटल्याने योग्य होत नाही. लवासाला एक नाव होते, एक कंपनी होती, म्हणून तिला जाब तरी विचारता आला. पाच हजार माणसांनी आपापले दहा गुंठे सपाट केले तर डोंगर तेवढाच कापला जाईल आणि जाब विचारायला समोर कुणीही नसेल.

डोंगर कापण्याविषयी दोन शब्द अधिक लिहायला हवेत, कारण ‘जमीन नुसती पडून आहे, आम्ही झाडे लावू’ हे वाक्य या चर्चेत फार विश्वासाने उच्चारले जाते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. असा पाऊस झेलणाऱ्या उतारावर जेसीबीने रस्ता काढणे, पायथा कापून गाडी लावायला सपाटी करणे, ओढ्याचे तोंड बुजवून भिंत बांधणे याचा परिणाम त्या सातबाऱ्याच्या हद्दीत थांबत नाही. माती खालच्या खाचरात येते, पाणी शेजाऱ्याच्या घराकडे वळते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातलेच माळीण दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. त्या दुर्घटना फार्महाऊसमुळे झाल्या असे मी म्हणत नाही. सह्याद्रीचा हा उतार किती नाजूक आहे हे त्यांनी दाखवून दिले, आणि तरी त्याच जातीच्या उतारांवर आपण हजारो छोटे घाव घालायची परवानगी मागतो आहोत. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना २०१४ पासून मसुद्यांतच फिरते आहे, सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. मसुदा अंतिम व्हायच्या आत जे बांधून घेता येईल ते घ्या, हा संदेश या दिरंगाईतून गावोगावी गेला आहे.

शिवाय ती जमीन पडूनही नसते. ज्याला शहरातून आलेला माणूस पडीक म्हणतो, ते मावळात वरकस असते. तिथे पूर्वी नाचणी-वरई व्हायची, आता गवत होते, गुरे चरतात, सरपण मिळते, आणि वाडीतली माणसे त्यावरून पायवाटेने रस्त्याला लागतात. नवे कुंपण पहिल्यांदा ही पायवाट अडवते. वहिवाटीचा रस्ता मोकळा करून घ्यायला तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, मामलतदार न्यायालय अधिनियम त्यासाठीच आहे. पण मजुरीचा दिवस बुडवून वडगावला तारखा करणारा आणि वकील पाठवणारा यांच्यात कोण थकेल हे सांगायला नको. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. घराखालची जमीनही त्यांच्या नावावर नाही. असा गट विकला गेला, की नव्या मालकाच्या दृष्टीने त्या झोपड्या म्हणजे अतिक्रमण. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे संरक्षण आहे. ज्या कातकऱ्याच्या नावावर काहीच नाही, त्याला हे कलम कसे वाचवणार? त्याच्या घराची किंमत व्यवहारात कुणीच धरत नाही, आणि हीदेखील एक वजाबाकीच आहे.

फार्महाऊसमुळे गावात रोजगार येतो, असेही म्हणतात. येतो, खरे आहे. राखणदाराचा, माळ्याचा, स्वयंपाकाचा, शनिवार-रविवारचा. कालचा खातेदार त्याच बांधावर पगारी राखणदार होतो. याला रोजगार म्हणावे, पण जमिनीच्या बदल्यात मिळालेले फळ म्हणून त्याचा गौरव करू नये.

आता ‘मुंबईहून दोन तासांवर’ या वाक्याकडे वळतो, कारण सगळा भाव त्याच एका वाक्यावर उभा आहे. हे अंतर जमिनीने स्वतः कमी केलेले नाही. २००२ मध्ये पूर्ण झालेला ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग लोकांच्या पैशाने झाला आणि मावळातून जाताना त्याने मावळच्याच गावांची जमीन घेतली. खोपोली ते कुसगाव हा ‘मिसिंग लिंक’ अंतर आणखी सहा किलोमीटरने कमी करण्यासाठी आखला गेला, तोही सार्वजनिक खर्चाने. रस्त्याने वाढवलेला भाव मात्र रस्ता येणार हे आधी कळलेल्यांच्या खिशात गेला. पाण्याचेही तेच. पवना धरण १९७२ च्या सुमारास पूर्ण झाले. पिंपरी-चिंचवड त्याच्या पाण्यावर वाढले. धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी नेण्याला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक मेले. आणि ज्यांची घरे-शेते त्या धरणाखाली गेली, त्या बाराशे खातेदारांपैकी आठशेहून अधिकांनी जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी म्हणून पाच दशके वाट पाहिली. द्यायला जमीन नाही, हे कारण त्यांना पुन:पुन्हा ऐकावे लागले. त्याच धरणाच्या काठावर, पाण्याचे दृश्य दाखवून, एकर आणि गुंठे विकायला मात्र जमीन कमी पडत नाही. मावळात परवडणारी जमीन शोधणाऱ्यांनी आणि तिच्यासाठी कायदा बदला म्हणणाऱ्यांनी आधी या वस्तुस्थितीचे उत्तर द्यावे. या तालुक्यात जमिनीवर पहिला हक्क कुणाचा आहे, याबद्दल दुमत कसे असू शकते?

मग शहरातल्या माणसाने मावळात पाऊलच टाकू नये का? तसे मी म्हणत नाही. मोकळी हवा, चार झाडे, हाताला माती लागण्याची ओढ या गोष्टी लहान घरात राहणाऱ्या माणसासाठी क्षुल्लक नाहीत, आणि त्या ओढीची चेष्टा करण्याचे मला काही कारण दिसत नाही. ज्याला घर हवे आहे त्याने मंजूर रेखांकनातला, ‘महारेरा’कडे नोंदलेला बिगरशेती भूखंड घ्यावा, तो महाग वाटेल, पण त्यात रस्त्याची, गटाराची आणि मालकीची किंमत धरलेली असते, म्हणून तोच खरा भाव आहे. ज्याला शेतावर राहायचे आहे त्याच्यासाठी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. किमान एक एकर असलेला शेतकरी पाहुणे ठेवू शकतो, जमीन त्याची राहते आणि पैसाही त्याचाच होतो. ज्याला स्वतः कसायचे आहे, त्याला सुरक्षित भाडेपट्ट्याची सोय हवी. आज शेतकरी जमीन कसायला द्यायला धजत नाही, कारण कूळ लागेल ही धास्ती असते. नीती आयोगाने २०१६ मध्ये सुचवलेला नमुना भाडेपट्टा कायदा याच अडचणीवर होता. कायदा बदलायचाच असेल तर इथे बदला. मालकी न हलवता शहराचा पैसा आणि उत्साह शेतात येईल, आणि शेतकऱ्याला दरवर्षी खंड मिळेल.

सर्वांत तातडीचे काम आराखड्याचे आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले. आठशेहून अधिक गावांचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. मावळ पुन्हा १९९७ च्या प्रादेशिक योजनेवर येऊन उभा आहे. ती योजना आखली तेव्हा द्रुतगती मार्ग वापरात आलेला नव्हता. कुठे वस्ती वाढू द्यायची, कुठला उतार राखायचा, कुठली खाचरे कायम भाताखाली ठेवायची, वाड्यांना गावठाण कुठे द्यायचे, हे ठरलेलेच नाही, आणि ठरलेले नसते तिथे जो आधी कुंपण घालतो तोच ठरवतो. हा आराखडा होऊन त्यात पवना धरणग्रस्तांच्या जमिनीची आणि कातकरी वाड्यांच्या गावठाणाची तरतूद होईपर्यंत कलम ६३ ला हात लावू नये, अशी मागणी मावळच्या ग्रामसभांनी ठराव करून सरकारकडे पाठवावी. आणि पुण्या-मुंबईतल्या वाचकांना विनंती अशी, की अकरा गुंठ्यांच्या जाहिरातीला फोन लावण्याआधी त्या गटाचा सातबारा ‘महाभूमी’च्या संकेतस्थळावर काढून इतर हक्काचे सदर स्वतः वाचा. त्यात ज्यांची नावे दिसतील, त्यांना पैसे पोचणार आहेत का, हे विकणाऱ्याला विचारा, आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत विसार देऊ नका.